जिवंत नवऱ्याची विधवा

३ नोव्हेंबर

काल मृतांच्या दिवशी दफनभूमीत एलिसेओने तोशीसाठी पुन्हा ट्रंपेट वाजवला. तो गावच्या बँडचा म्होरक्या, इतरांच्या अंत्ययात्रेला आगाऊ बिदागीशिवाय ओठ लावत नाही, पण माझ्या नवऱ्यासाठी दर वर्षी फुकट. माझ्या आईने, नानायने, बापाच्या म्हणजे तातायच्या थडग्यालाच एका बाजूने तोशीच्या नावाची पाटी बसवून घेतली आहे. ताताय समुद्रात गेला, तोशी जपानात, त्यामुळे तिथे खाली दोघांपैकी कुणीच नाही. मी मान खाली घालून उभी होते. लोकांना वाटलं, दुःख.

तोशी जिवंत आहे. नागोयाला असतो, गाड्यांच्या ब्रेकच्या कारखान्यात आहे, आणि गेल्या वर्षी त्याला मुलगी झाली. लिहून टाकलं बाई एकदाचं. निदान वहीत तरी.

चार वर्षांपूर्वी तिकडच्या नगर कार्यालयात आम्ही दोघांनी एका कागदावर शिक्के उठवले आणि चहा निवायच्या आत घटस्फोट झाला. तिथे दोघांना मान्य असलं की तेवढंच लागतं. मी एक बॅग घेऊन घरी आले आणि पायरीवर बसून भोकाड पसरलं. शेजारच्या टिया बास्योनने कुंपणावरून विचारलं, "नवरा कुठे गं?" मी काही बोलायच्या आत नानाय म्हणाली, "गेला." त्याच संध्याकाळी सगळ्या शेजारणी जपमाळा घेऊन हजर. नऊ दिवस प्रार्थना, नऊ दिवस जेवणं. तूर, फणस आणि डुकराच्या मटणाचं कालवण मी स्वतःच्या हाताने वाढत होते. ‘तो मेला नाही’ म्हणायला रोज एक संध्याकाळ मिळत होती. मी म्हटलं नाही.

आमच्या देशात, मनिलाच्या कायद्यात, घटस्फोट नाहीच. गावाच्या लेखी बाई एकतर नांदती, नाहीतर टाकलेली, नाहीतर विधवा. नानाय तेव्हा म्हणाली होती, "विधवेला कोणी हसत नाही, इंदाय पोरी. चर्चमध्ये पुढचा बाक मिळतो. मला विचार."

काल परतताना एलिसेओ ट्रंपेट पुसत म्हणाला, "चार वर्षं झाली. त्यालासुद्धा वर माझ्या वाजवण्याचा कंटाळा आला असेल. आता लग्न करू या."

मी हो म्हटलं. इतका आनंद झाला की फाटकापाशी फादर दान्नींना सांगूनही टाकलं. फादर म्हणाले, "छान, छान. पहिल्या नवऱ्याच्या मृत्यूचा दाखला तेवढा आणून दे."

१४ नोव्हेंबर

शहरात मी जपानला जाणाऱ्या मुलींना जपानी शिकवते. आज शिकवणीनंतर वकिलाकडे गेले. अटर्नी पेनाफ्लोर उकडलेल्या शेंगा सोलत सोलत ऐकते. माझं सगळं ऐकून झाल्यावर म्हणाली, "म्हणजे तुला मृत्यूचा दाखला हवाय, फक्त मेलेला माणूस नाहीये."

"हो, अटर्नी."

"मग मी काय करू? नागोयाला जाऊन मारून येऊ?"

मला हसू आलं आणि लगेच रडू. तिने शेंगांची पुडी माझ्याकडे सरकवली. "हे बघ, जपानात तू मोकळी. इथल्या सरकारी दप्तरात मात्र अजून त्याचीच बायको. असंच लग्न केलंस तर दोन नवरे केले म्हणून तुरुंगात जाशील. पण नवरा परदेशी, म्हणून तुला एक वाट आहे. तिकडचा घटस्फोट इथल्या न्यायालयाकडून मान्य करून घ्यायचा. दोघंही इथलेच असतात ना, त्यांना मी शेंगा देते आणि घरी पाठवते. लग्न चर्चमध्ये झालं होतं?"

"नाही. नगर कार्यालयात."

"मग फादरच्या लेखी तुझं लग्नच झालेलं नाही."

म्हणजे मी जपानात घटस्फोटित, मनिलाच्या दप्तरात सवाष्ण, चर्चमध्ये कुमारिका आणि गल्लीत विधवा. एका बाईने एका जन्मात किती व्हावं!

निघताना तिने आणखी एक गोष्ट सांगितली. सुनावणीची तारीख ठरली की न्यायालयाचा हुकूम वर्तमानपत्रात छापावा लागतो. ओळीने तीन आठवडे, माझ्या नावानिशी. कुणाला हरकत असेल तर त्याने यावं म्हणून.

"कोण वाचतं ते?" मी विचारलं.

"एरवी कुणी नाही," अटर्नी म्हणाली.

२० नोव्हेंबर

एलिसेओला खोटं सांगितलं: दाखला जपानहून मागवलाय, वेळ लागेल. तो म्हणाला, "लागू दे. मेलेला माणूस कुठे पळून जातोय?"

नानायला खरं सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. एक खडा वेचून दाराबाहेर टाकला. मग म्हणाली, "झाकली मूठ सव्वा लाखाची. चाललंय ते बरं चाललंय. त्याच्याबरोबर नुसती राहिलीस तरी कोण काय म्हणेल? विधवा आहेस." मी म्हटलं, मला लग्न हवंय. ती म्हणाली, "सगळ्यांनाच हवं असतं."

२२ जानेवारी

तोशीला कागदपत्रांसाठी लिहिलं होतं. त्याचा कुटुंबाच्या नोंदीचा उतारा, घटस्फोट नोंदल्याचा दाखला, त्यांचा कायदा. कायदासुद्धा साक्षीदारासारखा शिक्क्यानिशी हजर करावा लागतो म्हणे. बिचाऱ्याने तक्रार न करता सगळं पाठवलं, वर सुकवलेल्या जपानी फळांचा डबा. आत चिठ्ठी: "आईंना आवडतात."

पण कुरिअरवाला आला तेव्हा आम्ही दोघी बाजारात. पार्सल टिया बास्योनने घेतलं. नऊ दिवसांची प्रार्थना सांगितली होती ती हीच. पार्सलवर तोशीचं नाव रोमन अक्षरांत ठळक, आणि याच महिन्याची तारीख. मला वाटलं जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं.

टिया म्हणाली, "सासरचं दिसतंय. सही मी केली." मग खोक्याकडे बघून, "अक्षर छान आहे हो तुमच्या तिकडच्या माणसांचं."

नशीब, तिचा चष्मा गेल्या महिन्यातच फुटला आहे. तिला काही कळलं नाही.

फळं नानायने खाल्ली. एक तोशीच्या फोटोपुढेही ठेवलं. मी म्हटलं, "अगं, त्यानेच पाठवलीत ती!" ती म्हणाली, "म्हणून तर." तिला नवरे असे पूजायची सवयच आहे. ताताय खलाशी होता. मी पहिलीत असताना त्याची बोट ब्राझीलकडे वादळात सापडली. बोटीच्या कंपनीकडे नुकसानभरपाई मागायला ती कधी गेली नाही. मासे विकून मला वाढवलं पण मेलेल्याच्या पैशाला हात लावला नाही. अशी मानी बाई, आणि मी तिला या वयात काय काय ऐकायला लावणार आहे!

१२ जून

आज हुकूम छापून आला. चौथ्या पानावर, खताच्या जाहिरातीखाली. घरची इंदाय तिथे एर्लिन टेडोको, आणि गावाचं नाव. आमच्या गावात निम्मी आडनावं एकाच अक्षराने सुरू होतात; जिल्ह्यात कुणीही वाचलं तर नुसत्या आडनावावरून ओळखेल की बाई कुठली.

पहाटे मानोंग टिमोच्या बेकरीत गेले. आमच्याकडे वर्तमानपत्र तिथेच मिळतं. होते नव्हते तेवढे सगळे अंक घेतले. टिमो म्हणाला, "एवढे?" मी म्हटलं, शिकवणीतल्या मुलींना कात्रणं करायला. घरी आणून चुलीत घातले. नानाय गमतीने म्हणाली, "आज भात बातम्यांवर शिजला."

मला फार हुशार वाटलं.

१९ जून

दुसरा आठवडा. तेवढेच अंक होते, सगळे घेतले. टिमो खूश.

२६ जून

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे.

आज गेले तर काउंटरवर दुप्पट उंचीचा गठ्ठा. टिमो अभिमानाने म्हणाला, "तुझ्यामुळे खप वाढला, इंदाय! मी जास्तीचे मागवले." मी पाकीट उघडलं तोवर तो पुढे म्हणाला, "निम्मे सकाळीच गेले बघ. मी म्हटलं, शिकलेली बाई दर आठवड्याला सगळे अंक उचलते म्हणजे आत काहीतरी असणार. म्हणून मीही पहिल्यांदाच वाचलं." एवढं बोलून तो पाव मोजायला लागला.

मी घरी पोचायच्या आत एलिसेओ पायरीवर. मांडीवर अंक, चौथं पान वर.

"टिमोने दिला," तो म्हणाला. "म्हणाला, तुझ्या होणाऱ्या बायकोचं नाव आलंय. मला वाटलं, मुलींना शिकवतेस म्हणून कुठे बक्षीस मिळालं."

मी काहीतरी बोलायला लागले. सांगणारच होते, योग्य वेळ, असलं काहीतरी.

"चार वर्षं," तो म्हणाला. "चार वर्षं मी जिवंत माणसाला शोकगीत वाजवलं. माझा बाप सांगायचा, असं वाजवलं तर वाजवणाऱ्याचा दम जातो. हसू नकोस."

"मी हसत नाहीये."

"तो माणूस तिकडे सकाळी उठून न्याहारी करत होता, एर्लिन. आणि मी इकडे त्याच्यासाठी रडत होतो. खरंच रडत होतो. मला वाटायचं, कसला चांगला माणूस असेल, हिला अजून त्याच्याबद्दल बोलवत नाही."

अंकाची घडी करून खिशात घातली आणि गेला. फाटक लावून घेतलं नाही. तो नेहमी लावतो.

२७ जुलै

लिहिण्यासारखं काही नाही. रविवारी चर्चमध्ये पुढच्या बाकावर बसायचं की मागे, ते मला कळेना. बाहेरच उभी राहिले. कुणी काही म्हणत नाही, सगळे हसून बोलतात, आणि ते हसून बोलणंच सहन होत नाही. टोमणा मारला असता तर उत्तर तरी देता आलं असतं.

बँड लांबून ऐकू येतो. दम गेलेला वाटत नाही.

१८ ऑगस्ट

आज सुनावणी झाली. आजचं लिहायला हात उचलत नाही, पण लिहिते.

नानाय येऊ नको म्हटलं तरी आली. ठेवणीतला पांढरा ब्लाउज घालून, टिया बास्योनला सोबतीला घेऊन. दोघी भिंतीशी बसल्या. सर्वांत मागे एलिसेओ. बँडचा सोनेरी बटणांचा गणवेश अंगावर, कारण इथून त्याला एका अंत्ययात्रेला जायचं होतं. शिपाई त्याला मोठा अधिकारी समजून सलाम करून गेला. मी त्याच्याकडे बघितलं, त्याने पंख्याकडे.

अटर्नीने कागद दिले, कायदा दिला, माझी साक्ष झाली. सगळं ठीक चाललं होतं. मग सरकारी वकील उठला. तरुण, सर्दी झालेला. नवरा-बायकोने संगनमताने न्यायालयाला फसवू नये हे बघणं त्याचं काम.

"प्रतिवादी जिवंत आहे?"

"आहे."

"तुम्ही ज्या गावात राहता, तिथे लोक तुम्हाला काय समजतात?"

मी अटर्नीकडे बघितलं. तिने डोळे मिटून घेतले.

"विधवा."

न्यायाधीशबाईंनी लिहिणं थांबवून वर बघितलं. "का?"

"लोकांना तसं... कळलं."

"आपोआप कळलं? कुणी सांगितलं?"

आणि मी बोट दाखवलं. इतक्या लोकांत, सरळ भिंतीकडे बोट करून म्हणाले, "माझ्या आईने, बाईसाहेब. मी नाही."

सगळ्यांच्या माना तिकडे वळल्या. नानाय उठून उभी राहिली. तिला वाटलं, नाव निघालं की उभं राहायचं असतं. हातातला रुमाल घट्ट धरून, शाळेत शिक्षा झालेल्या मुलीसारखी उभी. न्यायाधीशबाई म्हणाल्या, "बसा, आजी. तुमच्यावर खटला नाही." ती तरी बसेना. टियाने पदर ओढावा तसा ब्लाउज ओढून तिला खाली बसवलं.

मी एकोणचाळीस वर्षांची आहे. प्रार्थनेचं जेवण मी वाढलं, मिस्साच्या प्रार्थनेला काळे कपडे मी घातले, चार वर्षं पुढच्या बाकावर मी बसले. नानायने फक्त एक शब्द उच्चारला होता, तोही माझं रडणं झाकायला.

बाहेर आले तर एलिसेओ निघून गेलेला. मी जिन्यावरून त्याला शोधत होते, आणि खाली नानायने अटर्नीला गाठलं होतं. अर्धंमुर्धं ऐकू आलं.

"...आणि नवरा इथलाच असला तर? परदेशात दुसरं बिऱ्हाड केलंय, पण माणूस इथलाच?"

"तर काही नाही, नानाय. आपल्याकडे वाट नाही."

"कितीही वर्षं झाली तरी?"

"कितीही."

अटर्नीने तिला ओंजळभर शेंगा दिल्या. टिया बास्योनच्या सुनेसाठी विचारत असणार. तिचा नवरा दुबईला आहे आणि बरं ऐकू येत नाही त्याच्याबद्दल. अशा दिवशीही दुसऱ्यांच्या पंचायती करायला हिला सुचतं कसं!

घरी येताना जीपमध्ये माफी मागितली. ती म्हणाली, "खरं तेच बोललीस. शेंगा खा."

३० ऑगस्ट

टिया बास्योनकडे गेले. म्हटलं, प्रार्थना तुम्ही सांगितलीत, तर कबुलीही आधी तुमच्यापाशी. ती कोंबड्यांना दाणे टाकत होती.

"मला पार्सलच्या दिवशीच कळलं," ती म्हणाली. "चष्मा नसला तरी मेलेल्या माणसाचं पार्सल ओळखता येतं."

"मग बोलला का नाहीत?"

"तू चार वर्षं बोलली नाहीस, मी सात महिने बोलले नाही. माझंच मोठेपण." मग कोंबडीला हुसकत म्हणाली, "आणि प्रार्थना वाया गेल्या म्हणून वाईट वाटून घेऊ नकोस. कधीतरी मरेलच की तो. तेव्हा लागू पडतील."

हसत हसत रडले. तिथून तशीच बँडच्या खोलीवर गेले. एलिसेओ ढोलाला कातडं चढवत होता. म्हटलं, माफी मागायला आले आहे.

"माझी काय मागतेस," तो म्हणाला, मान वर न करता. "त्या दिवशी आईवर ढकललंस ते बघून मी निघून गेलो. खोटं बोललीस ते पचलं होतं मला. महिनाभर लागला, पण पचलं होतं. त्यासाठीच आलो होतो."

त्याने ढोलाचं दुसरं टोक माझ्याकडे दिलं. "धर. घट्ट." अंधारून येईपर्यंत धरून बसले होते.

९ मार्च

निकाल लागला. घटस्फोट मान्य. अटर्नीने फोनवर वाचून दाखवलं. निकालात माझ्या गावातल्या वैधव्याबद्दलही एक ओळ आहे, "खेदजनक, परंतु प्रस्तुत नाही." छापील माझी लाज एवढीच. एलिसेओने ती तीनदा म्हणायला लावली आणि दर वेळी जास्त हसला.

नानायने तोशीचा फोटो काढला, काच पुसली आणि कपाटात कपड्यांखाली ठेवला. पाटीचं काय करायचं विचारलं. म्हणाली, "गवंड्याला सांगते." तातायच्या फोटोसमोरची मेणबत्ती मात्र आज तिने लावली नाही. विसरली असेल. एवढ्या गडबडीत होतं असं.

१७ मे

लग्नाआधीच्या चौकशीसाठी आज फादर दान्नींकडे गेलो. मी, एलिसेओ आणि नानाय. फादर जुन्या पद्धतीचे; दोन्ही घरची माहिती स्वतःच्या हाताने लिहून घेतात. एलिसेओचं झालं. त्याचे आईवडील दोघंही गेलेले, त्याने स्वतः वाजवून पोचवलेले.

"वधूचे वडील?"

"रोमुलो टेडोको," मी म्हटलं.

"मयत," फादर स्वतःशीच म्हणाले आणि लिहायला लागले.

"मयत लिहू नका, फादर," नानाय म्हणाली.

मला वाटलं, तिला नीट ऐकू आलं नाही. मी तिच्या कानाशी म्हटलं, "तातायबद्दल विचारतायत, नानाय."

"कळतंय मला." ती फादरच्या हाताकडे बघत होती, माझ्याकडे नाही. "आहे तो. सांतोसला. ब्राझीलमध्ये. बोट बंदराला लागली तेव्हा उतरला आणि परत चढलाच नाही. तिथे त्याची बाई आहे. मुलगे आहेत दोन, आता मोठे असतील. कंपनीची तार आली होती मला. वादळ-बिदळ काही नव्हतं."

फादरचं पेन थांबलं. "कोन्सोर्सिया, मी दर वर्षी त्याच्यासाठी मिस्सा करतो."

"माझ्यासाठी करत होतात असं समजा."

एलिसेओने टोपी काढून मांडीवर घेतली.

"इतक्या वर्षांनी आज कशाला?" फादरनी हळूच विचारलं.

"पोरीने कोर्टात उभं राहून सांगितलं. तिला तिथे विचारलं तरी कुणी. मला कोण विचारणार? म्हणून मीच सांगितलं."

फादरनी लिहिलेलं खोडलं. खोडायला त्यांना वेळ लागला. मग पुढच्या ओळीवर आले आणि घसा साफ करून म्हणाले, "आईच्या नावापुढे मी विधवा लिहून ठेवलंय. तिथे काय लिहू?"

"विवाहित लिहा," नानाय म्हणाली. "दुसरं काही होता येत नाही. अटर्नीला विचारून घेतलंय मी."

त्यांनी लिहिलं. मी लहानपणापासून ज्या बाईला विधवा म्हणून ओळखत होते, तिच्यापुढे तो शब्द शाई वाळेपर्यंत चमकत राहिला. त्या दिवशी जिन्याखाली ती कुणासाठी विचारत होती ते आता मला कळलं, आणि मी वरून दुसऱ्या माणसाला शोधत होते. तिचा हात धरावा असं मनात आलं. ज्या हाताने कोर्टात तिच्याकडे बोट केलं तो पुढे करायची हिंमत झाली नाही.

एलिसेओ उठला आणि तिच्यासाठी पाणी घेऊन आला. मला ते सुचलंही नव्हतं.